अप्पांची निर्जळी

रविवारी काय करायचं, हा माझ्या आयुष्यातला एक मोठाच प्रश्न मन्मथअप्पांनी सोडवला. तो ज्या रीतीने सोडवला, त्यासाठी मी त्यांना आजवर माफ केलेलं नाही. माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. वाईट माणसाला चार शिव्या घातल्या की आपण मोकळे. अप्पा तसे नव्हते, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी नांदेडच्या कचेरीत टंकलेखिका होते. नव्या जिल्ह्याला माणसं हवीत म्हणून आजूबाजूच्या जिल्ह्यांतून खोगीरभरती सुरू झाली, तिच्यात माझाही नंबर लागला. लग्न व्हायचं होतं. एक पत्र्याची ट्रंक आणि आईने बांधून दिलेलं लोणचं घेऊन मी लातूरला आले. आठवडा कसाबसा निघून जायचा. जिल्हा नवा असला तरी टेबलं जुनी होती आणि फायली गाठोड्यात बांधून आलेल्या होत्या. त्यांच्या गाठी सोडवता सोडवता शनिवार उजाडायचा.

खरा घोर रविवारचा. दर रविवारी नांदेडला जाऊन यायचं म्हटलं तर एसटीत हाडं खिळखिळी व्हायची. आणि आमच्या त्या भागातला बाजार रविवारी बंद. गंजगोलाई म्हणजे मधोमध देवीचं देऊळ, भोवती गोल बाजारपेठ आणि तिच्यातून फुटलेले सोळा रस्ते. आठवडाभर तिथे हमालांच्या आरोळ्या, हातगाड्या आणि गुळाच्या ढेपा यांतून वाट काढावी लागे. रविवारी तिथे कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपायची आणि त्यांना कुणी हाड म्हणायचं नाही. माझी घरमालकीण दुपारभर झोपायची आणि मला रेडिओ लावू द्यायची नाही. छताच्या पत्र्याला किती खिळे आहेत, हे मला पाठ झालं होतं.

अशात एके दिवशी मन्मथअप्पा माझ्या टेबलाशी आले. ते टंचाई शाखेत अव्वल कारकून होते. पाऊस पडला नाही की जिच्या कामाला पूर येतो, ती ही शाखा. बुटकी मूर्ती, धोतर, पांढरा सदरा, सदऱ्याच्या आत गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि कमरेला पानसुपारीची चंची. चंचीत सुपारीबरोबर सुतळीचा एक गुंडाही असायचा. तो कशासाठी, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. ते उदगीरचे. बायकामुलं आणि म्हातारी आई उदगीरला, हे एकटे लातूरला. दर तीन महिन्यांनी ते बदलीचा अर्ज टाइप करून घ्यायचे. अर्ज तोच असायचा, फक्त आईचं वय बदलायचं.

अर्ज टाइप होईपर्यंत उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, रविवारी काय करता ओ तुमी?"

"झोपते."

"झोप मेल्यावर हायच की. ह्या रविवारी या गोलाईला. आपले कांबळे येऊन राहिलेत, त्यांची मंडळीबी हाय संगं. तुमाला एकटं वाटायचं न्हाई."

कांबळे म्हणजे नायगावचे, आमच्याच कचेरीतले कनिष्ठ कारकून. नुकतंच लग्न झालेलं. त्यांची बायको माझ्याच वयाची, तिला मी वहिनी म्हणायचे. वहिनी आहे म्हटल्यावर लोक काय म्हणतील हा प्रश्न मिटला आणि मी गेले.

पहिल्याच रविवारी अप्पांनी आम्हाला डोळे मिटायला लावले. एका बंद दुकानाच्या फळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाले, "वास घ्या. काय दुकान हाय सांगा." वहिनी म्हणाल्या मिरची. अप्पा म्हणाले, "मिरची तर हायच. त्याच्या मागं बघा." मागे तंबाखू होती, आणि तिच्याही मागे ओल्या गोणपाटाचा वास होता. अशी सात-आठ दुकानं आम्ही नाकाने ओळखली. एका ठिकाणी मी "नवं कापड" म्हणाले आणि डोळे उघडून पाहते तर चपलांचं दुकान. कांबळे इतके हसले की वरच्या माडीवरून कुणीतरी खिडकी उघडून पाहिलं. अप्पा म्हणाले, "उघडा बाजार सगळ्यांलाच दिसतो बाई. बंद बाजार बघाया नजर लागती."

त्यांचा एक नियम होता. एका रविवारी एकच रस्ता, मग तो पुरा व्हायला चार रविवार का लागेनात; अप्पा उदगीरला गेले की खाडा. दुसऱ्या रस्त्यात नुसतं डोकावलेलंही चालत नसे. "सोळा हायत. एकदम खाल्ले तर फुडं काय करशान?" असं म्हणून ते मला कोपऱ्यावरून मागे ओढायचे. एका रस्त्यावर दुकानांच्या जुन्या पाट्यांवर पुसट झालेली उर्दू अक्षरं शोधायची, एका रस्त्यावर ओट्यांच्या फरशीत कोरलेले सारीपाट. एका रस्त्यात तर त्यांनी आम्हाला काहीच न करता तासभर एका ओट्यावर बसवलं आणि नंतर विचारलं की, किती खिडक्या उघडल्या आणि कोणत्या नाही. मी सोमवारपासून रविवारची वाट पाहू लागले. नांदेडला पत्र लिहिलं की इथे बरं आहे. आईला वाटलं मी तिला बरं वाटावं म्हणून लिहितेय.

आडांचा नाद चौथ्या रविवारी लागला.

एक व्यापारी आपल्या बंद दुकानाच्या ओट्यावर कंटाळून बसला होता. सुटी त्यालाही नको होती. अप्पांनी राम राम केला आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, "मालक, ह्या आमच्या नांदेडच्या बाई. गोदावरीच्या काठच्या. ह्यांनी पूर बघितलाय, आड न्हाई बघितला. तुमच्या घरात आड हाय म्हणं?"

आता मी काही आड न पाहिलेली बाई नव्हते. माझ्या मामाच्या घरी आड होता आणि त्यात मी एकदा पितळी तांब्या पाडून मारही खाल्ला होता. मी तोंड उघडणार एवढ्यात अप्पांनी डोळे मोठे केले. व्यापारी हसला आणि आत हाक मारली. घरातली बाई आली. वहिनींना आणि मला पाहून तिने पदर सावरला आणि थेट मागच्या चौकात नेलं. नळ आल्यापासून त्या भागातले आड लोकांनी फळ्या टाकून झाकले होते. कुणी त्यावर धुणं धुवायचं, कुणी लोणच्याच्या बरण्या ठेवायच्या. फळी सरकवली की खालून गार वारा यायचा आणि आपला चेहरा खूप खाली, काळ्या पाण्यात हलताना दिसायचा.

चंचीतल्या सुतळीचं काम तेव्हा कळलं. अप्पा तिच्या टोकाला खडा बांधून आत सोडायचे. खडा पाण्याला लागला की एक गाठ, तळाला लागला की दुसरी. मग सुतळी आपल्या अंगाशी लावून परस मोजायचे. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. "सात परस खोल, तीन परस पाणी," असं जाहीर करायचे आणि घरातले लोक आपल्या मुलाचा निकाल ऐकल्यासारखे खूश व्हायचे.

निघताना पाणी यायचं. त्या वेळी अप्पा एक वाक्य हमखास म्हणायचे. घरच्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणायचे. "ज्याच्या घरचं पाणी प्यालं, त्याच्या घरची गोष्ट उंबऱ्याच्या भायर न्यायची नसती." ते ऐकलं की घरातल्या बायांच्या चेहऱ्यावरचा उरलासुरला संकोच जायचा. आम्ही सगळे प्यायचो. एका बड्या घरी सुनेने तांब्या पुढे करता करता विचारलं, "ह्यांचं आडनाव काय?" कांबळ्यांनी मान खाली घातली. अप्पा शांतपणे म्हणाले, "साहेब हायत ते आमचे. आधी त्यांना द्या." तिने दिलं. परतताना कांबळे म्हणाले, "बाई, आमच्या गावात मला आडाच्या काठावर उभं राहता येत नव्हतं." अप्पांसाठी त्या दिवशी मी जीव दिला असता.

स्वतः अप्पा मात्र पाण्याला शिवायचे नाहीत. रविवारी त्यांची निर्जळी असायची. उदगीरची बदली व्हावी म्हणून बोललेला नवस होता तो. वैशाखाच्या उन्हात आम्ही घोटघोट पाणी प्यायचो आणि हा माणूस कोरड्या ओठांनी पुढे चालायचा. एकदा कांबळ्यांनी त्यांना रविवारीच स्टँडवरच्या हॉटेलात चहा पिताना पकडलं. अप्पा म्हणाले, "चहा पाण्यात मोडत न्हाई. त्यो दुधात मोडतो." आम्ही पोट धरून हसलो. ते हसणं आठवलं की आता माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

हुसेनबी खालाचं घर अकराव्या रस्त्यावर होतं. घर रंगाऱ्यांचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, खाला आणि तिची सून मिळून काम चालवायच्या. लग्नातले फेटे, विटलेली लुगडी, सगळं तिच्याकडे रंगायला यायचं. गल्लीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधलेल्या, त्यांवर गुलाबी, केशरी, मोरपंखी कापडं. बाकी सगळा बाजार रविवारी बंद, पण खालाच्या गल्लीत रंग टपकत असायचा. तिचे हात कोपरापर्यंत रंगलेले होते आणि नखांत कोणता रंग सगळ्यांत जुना आहे, हे तिलाही सांगता आलं नसतं.

अप्पा म्हणाले, "खाला, ह्यांना रंगकाम बघायचंय."

"देखो बेटी, जी भर के देखो," खाला मला म्हणाली. "रंग पुडी से नै चढता. पानी से चढता. खारे पानी में गुलाबी मर जाता."

"मग तुमी पाणी कुठलं वापरता ओ?" अप्पांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

खालाने सुनेकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी, रविवारच्या खेळात रंगलेली बावळट बाई, लाडाने म्हणाले, "खाला, दाखवा ना."

मी म्हणाले. अप्पा नाही. हे मला इथे लिहून ठेवलंच पाहिजे.

तिने आम्हाला स्वयंपाकघरात नेलं. पुरुष तिथे कधी जात नसावेत. कांबळे दारातच थांबले, अप्पा वहिनींच्या मागून आत आले. चुलीशेजारची फळी उचलली आणि खाली आड. मी पाहिलेल्या सगळ्या आडांत तो सुंदर होता. घडीव दगडाचा, अरुंद, आणि पाणी इतकं स्वच्छ की खड्याबरोबर सुतळीही दिसत राहिली. अप्पा पहिल्यांदाच मोजून झाल्यावर काही बोलले नाहीत. त्यांनी पुन्हा मोजलं.

खाला म्हणाली, "मेरा मरद बोल के गया था. कोई पानी माँगे तो देना, पन बावडी दिखाना नक्को. पानी माँगनेवाला पी के चला जाता. बावडी देखनेवाला लौट के आता. किसी को बोलना नक्को अप्पा. ये गई तो मेरा काम गया."

अप्पांनी हात जोडले. "खाला, ह्या उंबऱ्याच्या आतली गोष्ट आत." आणि आपलं ते वाक्य म्हणाले. खालाने कटोऱ्यांत पाणी दिलं. आम्ही प्यालो. गोड होतं. अप्पांपुढे कटोरा आला तेव्हा ते म्हणाले, "माझी निर्जळी हाय आज." खालाचा चेहरा क्षणभर उतरला. मग तिने कटोरा परत घेतला आणि मला एक गुलाबी चिंधी आठवण म्हणून दिली.

पुढच्या वर्षी पाऊस आला नाही. म्हणजे आला, रेणापूरकडे एकदा दिसला आणि गेला. पोळ्यापर्यंत लोक आभाळाकडे पाहत होते, दसऱ्यानंतर कुणी पाहीना. नळ आधी दोन दिवसांनी, मग आठ दिवसांनी, मग यायचा तेव्हा नुसता फुसफुसायचा. संक्रांतीनंतर टँकर सुरू झाले. आमच्या रविवारच्या फेऱ्या तेराव्या रस्त्यावर थांबल्या, कारण शांत बाजार असा उरलाच नाही. बंद दुकानांच्या ओट्यांसमोर रविवारीही घागरींच्या रांगा लागल्या. पहिल्या घागरीचा मालक कोण यावरून बायकांची डोकी फुटली.

शिमग्याच्या सुमारास एका शुक्रवारी दुपारी शिपायाने माझ्या टेबलावर टंचाई शाखेची फाइल टाकली. खाजगी आडांच्या अधिग्रहणाचे आदेश होते. सरकारला टंचाईत कुणाचीही विहीर ताब्यात घेता येते, आणि मालकाला पिण्यापुरतं पाणी ठेवून बाकीचं गावाला द्यायचं असतं. सोबत आडांची यादी. अक्षर अप्पांचं. खोलीच्या रकान्यात आधी "सात परस" लिहिलेलं आणि ते खोडून पुढे मीटर. यादी आडनावांप्रमाणे नव्हती, वॉर्डाप्रमाणेही नव्हती. मी तीन-चार नावं वाचली आणि मला क्रम ओळखू आला. पहिला आड म्हणजे आमचा चौथा रविवार. दुसरा आड म्हणजे पाचवा. माझ्या लातुरातल्या सगळ्या सुखाची ती यादी होती आणि तिला बाजूने एक टाचणी टोचली होती.

खालाच्या नावापुढे लाल रेघ होती. सगळ्यांत जास्त पाणी.

मी कागद घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. ते सुपारी कातरत होते.

"अप्पा, ह्यात खालाचं नाव आहे."

"हाव. टाइप करा बाई, साहेबांना पाचच्या आत पायजे."

"तुम्ही तिला शब्द दिला होता. ज्याच्या घरचं पाणी प्यालं..."

त्यांनी अडकित्ता मिटला आणि माझ्याकडे अगदी निर्मळ नजरेने पाहिलं. "मी कुठं प्यालो बाई?"

मला आधी कळलंच नाही.

"तुमी प्यालात. कांबळे प्याले. वहिनी प्याल्या. म्हनून तुमच्यातल्या कुणाला म्या यादीतलं एक अक्षर इचारलं न्हाई. म्या कुणाच्याच घरी प्यालो न्हाई. इचारा कुणालाबी."

"मग तुमची निर्जळी? नवस?"

"त्योबी खराच हाय की." ते खोटं बोलत नव्हते, हेच भयंकर होतं. मग जरा आवाज चढवून म्हणाले, "गाव तहानलंय बाई. बायका डोकी फोडून घिऊन राहिल्यात. कुठल्या आडात किती पाणी हाय हे मला म्हाईत असून म्या गप बसू? आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणत्यात. इथं आडात हाय की."

"मग त्याच वेळी सांगायचं होतं. उंबऱ्यात उभं राहून. की मी टंचाईचा माणूस आहे, मोजायला आलोय."

"मग दावला असता का ओ कुणी?"

तेव्हा मला दुसरंच काही कळलं. वहिनीला आणि मला त्यांनी एकटं वाटू नये म्हणून बोलावलेलंच नव्हतं. बायका बरोबर असल्याशिवाय कुणाच्या मागच्या चौकात आणि स्वयंपाकघरात शिरता येत नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं मी पाहिली होती. घरचं पाणीसुद्धा न पिता आड मोजणारा हा पहिलाच.

मी टाइप केलं. कार्बन घालून, पाच प्रतींत, एकही चूक न करता. आदेश सोमवारी बजावायचे होते. मध्ये शनिवार आणि रविवार होता. माझ्या खोलीपासून खालाचं घर दहा मिनिटांवर. मी गेले नाही. नोकरीची भीती होती. आणि अप्पा म्हणतात ते बरोबर असेल तर, अशीही भीती होती. त्या रविवारी मी पुन्हा छताचे खिळे मोजले.

पुढच्या रविवारी गेले तेव्हा खालाच्या ओट्यावर इंजिन धडधडत होतं. चुलीवरच्या खिडकीतून जाडजूड पाइप बाहेर काढलेला होता, आणि तिच्या रंगाच्या कढया उलट्या करून त्यांवर लोक घागरी टेकवत होते. दोऱ्यांवर एकही कापड नव्हतं. खाला आत बसली होती. तिचे हात मी पहिल्यांदाच कोरे पाहिले. म्हाताऱ्या बाईचे साधे, सुरकुतलेले हात. ओळखूच येईनात.

तिने मला बसायला सांगितलं. म्हणाली, "बेटी, अप्पा उस दिन पानी नै पिये ना, तो मैं समझी, मुसलमान के घर का नै पीते. बुरा लगा. फिर दिल में बोली, जाने दो, बुजुर्ग आदमी हैं. और माफ कर दी. अब वो माफी वापस कैसे लेऊँ, बोल?"

मग म्हणाली, "पन तू तो पी के गई थी."

यादी मी टाइप केली, हे मी तिला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगते आहे.

बड्या घरांचे आडही गेले होते, पण त्यांचं फक्त धुणं अडलं. खालाचं पोट अडलं. इंजिन दिवसरात्र ओढत राहिलं आणि वैशाखात त्या आडाने तळ दाखवला. खाला सुनेला घेऊन हदगावला भावाकडे निघून गेली. घराला कुलूप लागलं. कढया ओट्यावरच उलट्या राहिल्या.

कांबळ्यांशी मी भांडले. ते म्हणाले, "बाई, आमच्या वस्तीला दीड महिना त्या आडाचं पाणी आलंय. कुणी आडनाव न इचारता आलंय. म्या कसा अप्पांना नावं ठिवू?" ते खरंच होतं. पण कांबळेही त्यानंतर अप्पांबरोबर चहाला गेले नाहीत, आणि वहिनींनी रविवारचा विषय पुन्हा काढला नाही.

मृगाच्या आधी अप्पांची बदली झाली. उदगीर. आदेश अर्थात मीच टाइप केला, आणि त्यात टंचाईच्या कामाबद्दल कौतुकाची एक ओळ होती. ते पेढे घेऊन माझ्या टेबलाशी आले. "नवस पावला बाई." यादी बदलीसाठी केली होती की गावासाठी, असं विचारलं असतं तर ते खरं बोलले असते. म्हणूनच मी विचारलं नाही. पेढा मी शिपायाला दिला.

त्यांना शेवटचं पाहिलं ते कितीतरी वर्षांनी. मी निवृत्त होऊन नांदेडला परतले होते. कांबळ्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न उदगीरला होतं. मांडवात कांबळे म्हणाले, "अप्पा थकलेत. तुमची आठवण काढत्यात." जाऊ नये असं ठरवून मी गेले.

रविवार होता. उदगीरचा तो बाजार बंद होता. अप्पा घराच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते, विभूतीचे पट्टे थरथरत्या हाताने काढल्यासारखे वाकडे. मला पाहून आधी डोळे बारीक केले आणि म्हणाले, "नांदेडच्या बाई न्हवं का? या की ओ."

मी ओट्यावर बसले. ते रस्त्याकडे पाहत म्हणाले, "हितं सोळा रस्ते न्हाईत बाई. दोन रविवारात गाव सपतं. मग बसून ऱ्हायचं." मग म्हणाले, "खालाचा आड पुन्ना भरला म्हणं."

"भरला. खाला नाही आल्या."

त्यांनी मान हलवली. आतून त्यांची सून तांब्या-फुलपात्र घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवून गेली. पाणी काठोकाठ होतं.

"घ्या बाई. आमच्याच आडाचं हाय. लई गोड."

मला तहान लागली होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी हात मांडीवर ठेवून बसले. आपल्याकडे दारी आलेल्या माणसाने पाणी नाकारणं म्हणजे काय, ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. फुलपात्रातलं पाणी जराही हललं नाही.

त्यांनी विचारलं, "उपास हाय का बाई?"

"हो," मी म्हणाले. "निर्जळी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि हात कमरेच्या चंचीकडे नेला, पण उघडली नाही. आत हाक मारून म्हणाले, "ने गं ते पाणी."

मी उठले. घशाला कोरड पडली होती, तशीच स्टँडपर्यंत चालत गेले. त्यांच्या घरचं पाणी मी प्यायले नाही, म्हणून तर हे सगळं तुम्हाला सांगते आहे.